चार गल्ल्यांचं गाव आणि सतरा सह्यांचा वाडा

इंग्लंडमधलं लेकॉक आणि वाईजवळचं मेणवली ही दोन्ही गावं कॅमेऱ्याची लाडकी. मेणवलीचा कृष्णेवरचा घाट २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये दिसला. लेकॉकच्या हाय स्ट्रीटवर बीबीसीनं १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’साठी मेरिटन हे काल्पनिक गाव उभं केलं, पुढं ‘क्रॅनफर्ड’, ‘हॅरी पॉटर’ आणि ‘डाउन्टन अ‍ॅबी’ची मंडळीही तिथं येऊन गेली. जुनं गाव सेटवर उभारायला पैसा लागतो, अशा ठिकाणी ते आयतं मिळतं. पण आयतं मिळावं म्हणून ते कोणी राखलं, आणि राखण्याचं बिल कोणाच्या नावावर फाडलं, यावर एका मामा-भाचीचं लेकॉकच्या रस्त्यातच वाजलं.

मामा वाई तालुक्यातले. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकली आणि आता इंग्लंडमधल्या एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या नियोजन विभागात जुन्या इमारतींचं काम पाहते. एखाद्यानं घराची खिडकी बदलायला काढली की त्याला जिचा राग येतो, ती बाई म्हणजे ही. असं तीच सांगते.

लेकॉकमध्ये शिरल्याशिरल्या मामांनी घरांकडं पाहिलंच नाही, वर पाहिलं. “खांब कुठायत? वीज आहे ना इथं?”

“आहे. केबल जमिनीखालून नेलीय. टीव्हीच्या अँटेनाही दिसणार नाहीत.”

“खर्च कुणी केला?”

हा प्रश्न मामा दिवसभर विचारणार होते.

गाव म्हणजे चौकोनात बसवलेल्या चार गल्ल्या. लाकडी चौकटीत भिंती भरलेली घरं, काही दगडाची, काही विटांची, एक-दोन चांगलीच कललेली. चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार अजून उभं आहे. दारुडे आणि भांडखोर रात्रभर डांबायची एक खोलीही आहे. ‘जॉर्ज इन’ या खाणावळीच्या चुलाण्यापाशी एक लाकडी चाक आहे. त्यात कुत्रं चालवायचं, चाक फिरायचं आणि विस्तवावरची मांसाची सळई गोल फिरत राहायची. या चाकापाशी मामा बराच वेळ रमले, गिअरचं प्रमाण काय असेल ते बोटांवर मोजत. बाहेर आल्यावर म्हणाले, “गंमत आहे सगळी. पण एवढा कायदा लावावा असं यात काय आहे? ना ताजमहाल, ना रायगड. न्हाव्याचं घर, सुताराचं घर, बेकरी.”

“तेच तर मामा. ताजमहाल राखायला कोणीही तयार असतं. सुताराच्या घराला वाली नसतो.”

मग तिनं कायद्याची गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये एकेकट्या महत्त्वाच्या इमारतींची यादी करायचं काम दुसऱ्या महायुद्धात सुरू झालं, कारण बाँबनं काय पाडलं आणि त्यातलं काय वाचवायचं हे ठरवावं लागत होतं. पण यादीतली इमारत उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंची गल्ली सपाट, असं पुढं सर्रास होऊ लागलं. म्हणून १९६७ साली डंकन सँडीज या खासदाराच्या पुढाकारानं सिव्हिक अ‍ॅमेनिटीज अ‍ॅक्ट आला आणि संवर्धन क्षेत्र ही कल्पना कायद्यात शिरली. पहिलं क्षेत्र लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड. आज एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार क्षेत्रं आहेत, त्यात कितीतरी लहान खेडी. इथं जपायचं असतं ते एक घर नव्हे, गावाचं एकूण रूप: घरांमधली अंतरं, कुंपणाच्या भिंती, झाडं, छपरांचे उतार, चर्चच्या मनोऱ्याकडं जाणारी नजर. खोड मनगटाहून थोडं जाड झालेलं झाड तोडायचं तरी कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

“सहा आठवडे,” मामा म्हणाले. “आमच्याकडं तेवढ्यात झाडाचं फर्निचर झालेलं असतं.”

पण १९६७ हा आकडा त्यांच्या मनात अडकला होता. “त्या साली डिसेंबरात आमच्याकडं काय झालं ठाऊक आहे? ११ तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप. मी शाळेत होतो. सगळे अंथरुणातून उठून अंगणात. कोयनानगरच्या बाजूला पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मग १९९३ ला किल्लारी. अडीच-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, आणि सगळं झोपलेल्या माणसांवर. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली गं. खात्यानं आम्हाला तिकडं कामाला धाडलं होतं. जुन्या भिंतींचं कौतुक मी कोणत्या तोंडानं करू?”

भाचीनं याला लगेच उत्तर दिलं नाही, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. वारसाप्रेमी मंडळी बहुधा हा मुद्दा ऐकलाच नाही असं करून पुढं सरकतात. ती थोडं थांबून म्हणाली, “किल्लारीत भिंत दगडाची होती म्हणून पडली का, मामा? भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत गुंतलेली नव्हती, मध्ये नुसती खडी-माती भरलेली होती. वर दरवर्षी मातीचा थर चढवून छप्पर जड झालं होतं. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घाला, घराला चारी बाजूंनी पट्टा बांधा, छप्पर हलकं करा, म्हणजे भिंत टिकते. भूकंपानंतर तुमच्याच लोकांनी कितीतरी घरं अशी मजबूत केली ना?”

“केली. आणि लोकांनी त्यातली बरीच नंतर पाडून स्लॅब टाकला. का? भीती एकदा बसली की पट्टा दाखवून जात नाही.”

“आणि स्लॅबचं आयुष्य तुम्ही किती धरता?”

“पन्नास वर्षं,” मामा म्हणाले, आणि समोरच्या पाचेकशे वर्षांच्या घराकडं पाहून त्यांनी विषय बदलला.

नवा विषय त्यांच्या हुकमाचा होता. आपल्याकडचा कायदा त्यांनी फायलींतून भोगलेला. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं आणखी २०० मीटर नियंत्रित. “नकाशावर कंपास ठेवायचा आणि वर्तुळ काढायचं. वर्तुळात माझ्या बापजाद्यांचं घर आलं, तर ते १६ जून १९९२ पूर्वीचं आहे हे दाखवून दुरुस्तीची परवानगी मागत बसायचं. वर्तुळाबाहेर मात्र सात मजली काचेची लॉज चालेल. यात गावाचं रूप कुठं आलं? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तर पन्हाळ्याच्या लोकांनी आधीच विरोध सुरू केला होता. ते काय शिवाजी महाराजांच्या विरोधात आहेत? त्यांना गडावर राहायचंय. उद्या न्हाणीघर बांधायला दिल्लीची परवानगी लागेल, ही त्यांची भीती.”

“म्हणूनच म्हणते, कंपास नको. गावात फिरून, घर घर पाहून हद्द आखायची. लोकांना विचारायचं. आमच्याकडं प्रत्येक क्षेत्राचं टिपण करायचं असतं: गावाचं वैशिष्ट्य कशात आहे, कोणतं घर त्यात भर घालतं, कोणत्या घरानं काही फरक पडत नाही. आणि क्षेत्रात आलात म्हणजे सगळंच गोठलं असं नसतं. जे घर स्वतंत्रपणे यादीत नाही, त्याची खिडकी बदलायला एरवी परवानगीही लागत नाही. कौन्सिलनं त्या गल्लीपुरता वेगळा आदेश काढला असेल तरच लागते. पाडायचं मात्र परस्पर पाडता येत नाही, तो गुन्हा आहे.”

“आणि यादीत असेल तर?”

“तर आतला जिनासुद्धा विचारल्याशिवाय हलवायचा नाही. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.”

मामांनी शीळ घातली.

मग ते मुख्य मुद्द्यावर आले. इथल्या माहितीफलकावर त्यांनी एक गोष्ट वाचली होती आणि ती दुपारपर्यंत राखून ठेवली होती. लेकॉकचा मठ तेराव्या शतकात सॅलिसबरीची काउंटेस एला हिनं स्थापन केला. आठव्या हेन्रीनं मठ बंद केले तेव्हा तो विल्यम शॅरिंग्टननं विकत घेतला आणि पुढं नात्यानात्यांतून टॅलबट घराण्याकडं आला. याच घरातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटनं १८३५ च्या ऑगस्टमध्ये मठातल्या एका जाळीच्या खिडकीचं चित्र कागदावर उतरवलं. आज उपलब्ध असलेली ती सर्वांत जुनी फोटोग्राफिक निगेटिव्ह. आणि १९४४ साली मटिल्डा टॅलबट यांनी मठ आणि त्याबरोबर जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं.

“म्हणजे हे गाव नव्हे, जहागीर आहे!” मामा म्हणाले. “आधी एका घराण्याची, आता एका ट्रस्टची. राहणारे भाडेकरू. भाडेकरूनं खिडकी बदलली की मालक त्याला काढणार. तुझा कायदा इथं काय करतोय? मालक एक आहे म्हणून हे राहिलंय.”

“कायद्याचाही भाग आहे. ट्रस्टकडं आलेली अशी मालमत्ता ‘अविक्रेय’ जाहीर करता येते. १९०७ च्या कायद्यापासून. ती मग ट्रस्टलाही विकता येत नाही.”

“बघ! विकता न येणारं गाव. आमच्याकडं ज्याला हे जमेल त्याचा मी सत्कार करीन.”

इथं मामांचं म्हणणं खोडता येत नाही, आणि भाचीनंही ते खोडलं नाही. लेकॉक सुंदर राहिलं त्याला नियम फार उशिरा कारणीभूत झाला. आधी लोकरीचा व्यापार आला, गावाला पैसा मिळाला, घरं उभी राहिली. मग व्यापार दुसरीकडं गेला, आणि नवं बांधायला कोणाकडं फारसं काही उरलं नाही. वर एकच मालक, त्याला बदलाची हौस नव्हती. युरोपातली कितीतरी देखणी खेडी अशीच, मंदीनं जपलेली आहेत. आपल्याकडं हेच सासवड-वाई-पैठणच्या जुन्या पेठांत दिसतं, फरक इतकाच की मालक एक नाही, पंचवीस आहेत.

“ठीक आहे, लेकॉक सोडा,” भाची म्हणाली. “माझ्याकडं जी गावं आहेत, तिथं प्रत्येक घराला स्वतंत्र मालक आहे. तिथंही हे चालतं.”

“चालतं कसं? पैसे कोण देतं?”

“बहुतेक वेळा मालकच.”

“सरकार काही?”

आणि इथं भाचीला तिच्या व्यवसायातलं सगळ्यात अडचणीचं सत्य सांगावं लागलं. ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य. जुन्या घराची दुरुस्ती केली तर २० टक्के. यादीतल्या इमारतीत परवानगी घेऊन केलेल्या बदलांना पूर्वी व्हॅट माफ होता, ती सवलतही २०१२ साली काढून घेतली. “म्हणजे एका हातानं आम्ही लोकांना सांगतो घर राखा, आणि दुसऱ्या हातानं राखण्यावर कर घेतो.”

मामा खूश झाले. “मग आपल्यात आणि तुमच्यात फरक काय? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार मिळतात. कशाला? कच्चं घर सोडून पक्कं बांधायला. आणि मातीच्या भिंतीचं घर म्हणजे कच्चं! दीडशे वर्षं उभं असलं तरी कच्चं. त्याचे वासे बदलायला, कौलं शाकारायला कोणती योजना आहे? पाडलंस तर पैसे, राखलंस तर तुझं तू बघ.”

दोघं वेगवेगळ्या बाजूंनी एकाच जागी येऊन पोचले होते, पण भांडणाच्या भरात ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. संवर्धनाचं खरं अंदाजपत्रक कलेक्टरच्या किंवा कौन्सिलच्या आदेशात नसतं, ते करांच्या आणि अनुदानांच्या तक्त्यात असतं. नवं स्वस्त आणि जुनं महाग अशी व्यवस्था करून ठेवायची आणि मग मालकाच्या अभिरुचीला दोष द्यायचा, हे दोन्ही देशांत चाललंय.

चहाला बसल्यावर सिमेंटवरून पुन्हा ठिणगी पडली. भाचीचं म्हणणं, तिच्या कामातलं निम्मं आयुष्य लोकांनी हौसेनं केलेली सिमेंटची दुरुस्ती उकरण्यात जातं. जुन्या भिंतीत ओल येणारच. चुन्याच्या दर्जांतून ती बाहेर पडते. सिमेंट घातलं की ती वाट बंद होते, ओल दगडात साठते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दर्ज दगडापेक्षा मऊ असावी, म्हणजे झिजायची ती झिजेल, दगड वाचेल.

“हे मला सांगू नकोस,” मामा म्हणाले. “मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडं घाणीवर चुना मळलेला पाहिलेले मुकादम होते. बैल, दगडी चाक, गोल चर. चुना, वाळू, विटांची सुरखी; कुणी गूळ घालायचं, कुणी बेलफळाचं पाणी, कुणी हिरडा. मुरायला आठवडे. त्यांच्यातला शेवटचा निवृत्त झाला त्या दिवशी मीच भाषण केलं. त्याच्या मुलाला सेंट्रिंगचं काम मिळवून दिलं. आता तू म्हणतेस चुना आणा. कोण मळणार?”

“इथंही हेच झालं होतं. मग लोकांनी पुन्हा शिकून घेतलं. मागणी आली की कारागीर तयार होतात.”

“मागणी म्हणजे श्रीमंत गिऱ्हाईक.”

हेही अर्धं खरं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०१२ साली केलेल्या अभ्यासात संवर्धन क्षेत्रातल्या घरांच्या किमती, घराचा आकार, ठिकाण वगैरे फरक वजा केल्यावरही, सुमारे ९ टक्क्यांनी जास्त निघाल्या. भाची हा आकडा लोकांना समजावताना नेहमी वापरते: नियम पाळा, घराचं मोल वाढतं. मामांनी त्याचा उलटा अर्थ काढला. “म्हणजे गावातल्या पोराला गावात घर घेता येणार नाही. लंडनचा बँकवाला शनिवार-रविवारसाठी घेणार.” याचाही बंदोबस्त ब्रिटननं करून पाहिलाय, एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्स दुप्पट लावायची मुभा इंग्लंडमधल्या कौन्सिलांना मिळाली आहे. त्यानं किती फरक पडेल यावर भाची फारशी बोलली नाही.

तिच्याकडं एक किस्सा मात्र होता. स्टॅफर्डशरमध्ये हिमली गावाजवळ ‘क्रुकेड हाउस’ नावाचं पब होतं. १७६५ च्या सुमाराचं शेतघर. खालच्या कोळशाच्या खाणीमुळं एका बाजूनं असं खचलं की आत टेबलावर गोटी ठेवली तर ती चढावर गेल्यासारखी वाटायची. ऑगस्ट २०२३ मध्ये, मालकी बदलल्यावर काही दिवसांतच, त्याला आग लागली आणि दोन दिवसांच्या आत ते पाडलंही गेलं. ते यादीत नव्हतं. तरीही लोक एवढे खवळले की फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलनं ते होतं तसं पुन्हा बांधण्याची नोटीस काढली.

“वाकडंच बांधायचं?”

“वाकडंच.”

मामा इतक्या जोरात हसले की शेजारच्या टेबलावरची बाई वळून पाहू लागली. मग गंभीर होऊन म्हणाले, “याचा अर्थ लोकांना हवं होतं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आजही लोक जातात, घाटावरची घंटा दाखवतात. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा आणलेली, पोर्तुगिजांची. पण तिथून दोन कोसांवर आपला वाडा आहे. तो पडला तर कोण खवळेल?”

आता बोलणं खऱ्या ठिकाणी आलं होतं. दोन चौकांचा वाडा. ढेलजेतला कडीपाट वाळवीनं खाल्लाय, मागच्या चौकाची माडी दोन पावसाळ्यांपूर्वी खाली आली. पुढच्या सोप्यावर एका भावानं पत्रा टाकला, दुसऱ्यानं परसात स्लॅबचं न्हाणीघर बांधलं. मिळकतीवर सतरा नावं आहेत. पुणे, ठाणे, बडोदे, एक न्यू जर्सीत. ज्याला राखायचंय त्याला बाकीच्या सोळांची सही लागते, ज्याला पाडायचंय त्यालाही. म्हणून दोन्ही होत नाही, वाडा आपला आपण पडतोय.

“यावर तुझं संवर्धन क्षेत्र काय करील?” मामांनी विचारलं. “नोटीस काढशील. कोणाच्या नावानं? सतरा प्रती लागतील.”

“निदान एकानं उठून जेसीबी लावला, तर थांबवता येईल.”

“आणि छप्पर गळत असेल तर?”

“ते नाही थांबवता येणार,” भाची म्हणाली. “इथंही नीट थांबवता येत नाही. पडू द्यायचं आणि मग धोकादायक म्हणून पाडायचं, ही युक्ती इकडच्या मालकांनाही येते.”

“आणि एक सांगू? त्या सतरांत तुझी आईपण आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेल्या मुलीही सारख्याच वाटेकरी. गेल्या वर्षी मी वर्गणीचं पत्र पाठवलं होतं, दक्षिणेकडचं पाखं शाकारायचं म्हणून. तिचं उत्तर आलं, भाऊ, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पैसे नाही आले.”

भाचीला हे पत्र ठाऊक नव्हतं. इतरांच्या खिडक्यांवर मत देण्याचा तिला पगार मिळत होता, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याच्या छपरातून पाणी आत येत होतं. ती थोडा वेळ कप फिरवत बसली. मग तिनं विचारलं, “पाखं शाकारायला किती लागतील?”

“वासे बदलायचे तर अडीच लाख. नुसती कौलं काढून घालायची तर साठ-सत्तर हजार. पण वासे बदलल्याशिवाय उपयोग नाही.”

“आईच्या वाट्याचं मी देते. वर आणखी थोडं. पण पत्रा निघाला पाहिजे आणि पुढच्या चौकात स्लॅब नको.”

“अट घालतेस?”

“घालते.”

“मग लिहून दे. कुठं हात लावायचा नाही, कुठं लावला तरी चालेल, आणि कुठं बिनधास्त संडास-बाथरूम बांधा, असं दोन पानांत. मराठीत. तुमचं ते टिपण असतं ना, तसंच. माणसाला आजच्या सोयी मिळणार नसतील तर कोणी सही करणार नाही, हे आधी लिही. दिवाळीला सगळे जमतात, तेव्हा वाचू.”

“ठाण्याच्या दादांचं काय? त्यांना तर रिसॉर्टवाल्याला द्यायचंय ना?”

“त्याला आधी विचारू, रिसॉर्टवाला आकडा काय बोलला ते,” मामा म्हणाले आणि चहाचं बिल मागवलं.